हा घास कुणाचा

२ डिसेंबर २०२४, सोमवार

आजपासून नोकरी सुरू. साठी उलटल्यावर हे वाक्य लिहिताना हसू येतं, पण लिहिते. मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्यापासून मला रागवायला कुणी उरलं नव्हतं. उज्वलाचं म्हणणं, तो सगळा साठा मी तिच्यावर रिकामा करत होते.

‘ओलावा गृहसेवा’चं ऑफिस गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत, एका बंगल्याच्या तळमजल्यावर आहे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी घरोघरी बायका पाठवण्याचं काम. चालक मंजुषा, पंचेचाळिशीची, नीटनेटकी, हळू बोलणारी. तिनं पहिल्याच भेटीत सांगितलं, मॅडम, बायका पैशाला पासरी मिळतात, भरवशाच्या मिळत नाहीत. कुणी म्हाताऱ्याला झोपेची गोळी देऊन मोबाईल बघत बसते, कुणी बांगडी काढून घेते, कुणी चिमटे काढते. माणसं पारखणारं माणूस हवं होतं, म्हणून तुम्हाला बोलावलं. मला ते आवडलं. तीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही.

टेबल खिडकीशी आहे. ऊन येतं. बाहेर पेरूचं झाड, त्यावर पोपट. थंडी छान पडली आहे. स्कूटरवरून येताना बोटं आखडली, तरी मन हलकं होतं.

नोकरी धरण्याचं खरं कारण मात्र उज्वला. माझी धाकटी बहीण. मागच्या वर्षी पक्षाघात झाला, डावी बाजू गेली. जीभ जड झाली, तिखटपणा गेला नाही. आम्ही दोघीच. आतापर्यंत आलेल्या बायकांपैकी शेवटची तिला दुपारभर ओल्यात ठेवून शेजारी टीव्ही बघायला गेली होती. पाठीला जखम झाली ती अजून भरत नाही. इथे बसून निदान तिच्यासाठी तरी एक धड बाई निवडता येईल.

निघताना उज्वला म्हणाली, “जा हेडमास्तरीणबाई. कुणाला तरी कोपऱ्यात उभं करून या.”

५ डिसेंबर, गुरुवार

आज मुलाखती घेतल्या. सगळ्या बायकांना एकच उत्तर पाठ आहे. म्हाताऱ्या माणसांची सेवा म्हणजे देवाची सेवा. मी विचारते, चादर बदलल्यावर देवानं पुन्हा घाण केली तर? मग देव बाजूला राहतो आणि बाई खरं बोलू लागते. एक म्हणाली, मी सुनेला हाक मारीन. मी म्हटलं, सून घरी असती तर तुला कशाला बोलावलं असतं?

कागदपत्रं, पोलीस पडताळणी, सगळं होतं. पण शेवटची परीक्षा वेगळी आहे, आणि मान्य करायला हवं, ती मला सुचली नसती.

मंजुषाच्या सासूबाई, मालनबाई, मागच्या खोलीत दिवाणावर असतात. नव्वदीच्या असाव्यात. अंग वाळल्या शेंगेसारखं. निवडलेल्या बाईनं त्यांना मऊ भात भरवायचा. त्या मुकाट्यानं खात नाहीत. लहान मुलाला भरवतो तसं भरवावं लागतं, हा घास काऊचा, हा घास चिऊचा, असं म्हणत. प्रत्येक घासाला त्या ओठ मिटतात आणि विचारतात, “हा घास कुणाचा?”

आजच्या बाईनं काऊ, चिऊ, मोर असं सुरू केलं. मालनबाईंनी तोंड उघडलं नाही. मंजुषा हसून म्हणाली, आईंना पाखरं चालत नाहीत, तुमच्या घरचं माणूस लागतं. जिवाभावाचं. बाईनं जरा लाजून नवऱ्याचं नाव घेतलं, मग भावाचं. म्हातारीनं वाटी संपवली.

मी दारात उभी राहून पाहत होते. भरवणाऱ्या हाताला खोटं बोलता येत नाही. घरच्या माणसाच्या नावानं परक्या म्हातारीला घास देताना बाईचा चेहरा कसा मऊ होतो ते दिसतं. मंजुषाला म्हटलं, ही परीक्षा यापुढे सगळ्यांना सक्तीची करा, अपवाद नको. ती म्हणाली, सक्तीचीच आहे.

९ डिसेंबर, सोमवार

मैना मिळाली.

सुरगाण्याकडची. नवरा द्राक्षबागांच्या कामावर गेला तो परतला नाही. ती आई भागीबाई आणि सहा वर्षांची मुलगी वैष्णवी यांच्यासोबत पंचवटीत एका खोलीत राहते. आई भाजी विकते. मुलगी कडेवर होती. एवढी मोठी पोर कडेवर कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाली, उतरवली की पाय धरते, मग चालताच येत नाही.

चादरीचा प्रश्न विचारला. तिनं विचार करून सांगितलं, मला राग येईल. मग मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुईन आणि परत येईन. इतक्या दिवसांत ऐकलेलं पहिलं खरं उत्तर. तिथंच ठरवलं, ही उज्वलासाठी.

भात भरवायला मात्र अडून बसली. कुणाचा घास म्हटल्यावर मुलीचं नाव तोंडात आलं आणि हात मागे घेतला. आमच्याकडं पोराच्या नावाचा घास दुसऱ्याला देत नाहीत, म्हणाली. मला चीड आली. चांगली चलाख बाई असल्या खुळचटपणापायी नोकरी घालवणार. मी तिला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, पोरीला शाळेत घालायचंय ना? मग नाव घे आणि भरव. अन्नाला कुणाचं नाव चिकटत नाही.

तिनं भरवलं. हा घास वैष्णवीचा. हाही वैष्णवीचाच. दुसरं नाव तिच्याकडे नव्हतंच. मालनबाईंनी इतक्या आवडीनं खाल्लं की शेवटी मैनाची बोटंसुद्धा चाटली.

१४ डिसेंबर, शनिवार

मैना घरी रुळली. दिवसाची पाळी ठरली होती, पण उज्वलाचं बघून तिनं रात्रीही राहायचं कबूल केलं. रविवारी घरी जाईल. पहिल्या दिवशी तिनं आईला सारखे फोन केले. वैशूनं खाल्लं का, वैशू रडली का, स्वेटर घातला का. उज्वला म्हणाली, या पोरीचा स्वेटर मला पाठ झाला. पण ती खूश आहे. मैना तिला कुशीवर वळवते तेव्हा दुखत नाही. केस विंचरते. काल तिला खुर्चीत बसवून गॅलरीत नेलं. उज्वलानं वर्षानंतर रस्ता पाहिला आणि भाजीवाल्याशी भावावरून भांडली.

मी ऑफिसात निवांत काम करते. एक गोष्ट बरी झाली आयुष्यात, असं वाटतंय.

२१ डिसेंबर, शनिवार

पाठीची जखम भरत आली. डॉक्टर म्हणाले, कोण करतं यांचं? मी अभिमानानं मैनाकडे बोट दाखवलं.

उज्वलाची कुरकुर सुरू आहे. म्हणते, मैना चांगली आहे, फार चांगली आहे, इतकी की हिला शिवी द्यावीशी वाटते. परवा तिनं मुद्दाम सूप मैनाच्या अंगावर उडवलं. मैनानं पुसलं, हसली, दुसरा चमचा भरला. नळाखाली तोंड धुवायला गेली नाही. उज्वला म्हणाली, पहिल्या आठवड्यात माझ्यावर डोळे वटारायची, आता भांडं घासावं तसं मला घासते. नीट घासते, पण भांडंच.

मी तिला झापलं. लोकांना माणूस मिळत नाही आणि हिला मिळालेलं टोचतंय.

स्वेटरचे फोन बंद झाले आहेत, हे मात्र मलाही जाणवलं. रविवारी ती घरी गेली नाही. विचारलं तर म्हणाली, ताईंना कोण बघेल?

२७ डिसेंबर, शुक्रवार

जुन्या घरांना भेटी देऊन आले. सगळीकडे कौतुक. कॉलेज रोडला यादव म्हणून निवृत्त इंजिनिअर आहेत, बायको बिछान्यावर. त्यांच्याकडची मावशी आमची. यादव म्हणाले, देवरे मॅडम, दिवाळीलासुद्धा घरी गेली नाही हो. भावाचं लग्न होतं, तरी नाही. घरदार विसरली आमच्यासाठी, याला म्हणतात माया. मावशी कोपऱ्यात फडकी घडी करत होती. भावाचं नाव निघालं तरी तिनं मान वर केली नाही.

भावाचं नाव तिनं घासाला घेतलं असेल का, असा विचार परतताना मनात आला. आला तसा घालवला.

मालनबाई आज दिवाणावर ताठ बसल्या होत्या. गाल भरलेत. मंजुषाला म्हटलं, तब्येत सुधारलेली दिसते. ती म्हणाली, थंडी मानवते त्यांना.

५ जानेवारी २०२५, रविवार

भागीबाई मुलीला घेऊन घरी आली. आजही मैना आली नाही म्हणून. मला आधी त्रासच वाटला. रविवारची सकाळ होती.

जे झालं ते जसं झालं तसंच लिहिते.

मैना मुलीला ओळखत नाही असं नाही. ओळखते. मी विचारलं तेव्हा म्हणाली, ही वैष्णवी, माझी मुलगी. आधार कार्ड वाचून दाखवावं तशी. मग तिनं दोघींना पाणी विचारलं, बसा म्हणाली. स्वतःच्या आईला आणि पोरीला. मुलगी धावत येऊन पायाला बिलगली. मैनानं वाकून तिची बोटं एकेक करून साडीवरून सोडवली, अगदी हळुवार. उज्वलाची मूठ कधी पलंगाच्या कठड्याला आखडते, ती सोडवते ना, तशी. मग म्हणाली, ताईंची कूस बदलायची वेळ झाली, आणि आत गेली.

मुलगी रडली नाही. ती आपल्या बोटांकडे बघत उभी राहिली.

मैना आत गेली त्या दाराकडे बघत भागीबाईनं मला विचारलं, “बाई, माझ्या पोरीला तुमी काय खाऊ घातलं?”

मी म्हटलं, आम्ही काही खाऊ घातलं नाही. तिनंच भरवलं.

हे बोलले आणि माझंच वाक्य मला ऐकू आलं.

६ जानेवारी, सोमवार

भागीबाईला ऑफिसात बोलावून घेतलं होतं, मैनाला काही दिवस रजा देण्याबद्दल मंजुषाशी बोलू म्हणून. वैष्णवी सोबत होती. आम्ही बसतो न बसतो तोच मागच्या खोलीतून मालनबाईंची हाक आली.

“वैशू आली का गं माझी?”

नाव त्यांना ठाऊक असणारच. त्यांनी ते खाल्लं होतं. पण हाक मैनाची होती. शेवट जरा वर उचललेली, खेळकर. मुलगी उठली आणि सरळ आत गेली. मी मागोमाग गेले. म्हातारीनं तिला मांडीवर घेतलं होतं, तिच्या कानामागे हुंगत होती. मला म्हणाल्या, हिला भाकरीचा पापुद्रा लागतो, गुळाबरोबर, आणि डाव्या कानात वारं गेलं की दुखतो. स्वेटर कुठाय हिचा? डोळ्यांतून पाणी वाहत होतं. खरं पाणी. नाटक मला कळतं. ते नाटक नव्हतं.

भागीबाई दारातच थबकली. मग तिनं झडप घालून पोरीला ओढलं. “ही थेरडी गिळून बसलीय! माझ्या मैनेची माया गिळून बसलीय!” गल्लीतून जाईपर्यंत ती ओरडत होती. वैष्णवी म्हातारीकडे हात पसरून रडत होती. काल आईपाशी न रडलेली पोर.

८ जानेवारी, बुधवार

मंजुषाला जाब विचारला. ती जराही दचकली नाही. मला तिनं चहा दिला.

म्हणाली, तुम्ही वसतिगृह चालवलंत, तुम्हाला समजेल. दोन ठिकाणी जीव असलेल्या बाईच्या हातून एका ठिकाणचं काम नीट होत नाही. अर्धी नजर घड्याळावर, अर्धी फोनवर. पोर आजारी, सासू पडली, यात्रा आली. लोकांना सगळी नजर हवी असते. आईंची भूक आणि लोकांची गरज जुळली, एवढंच. कुणाला मारलं नाही, कुणाला लुबाडलं नाही. पगार वेळेवर देते.

तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. पडद्यावर ‘सार्थक’ असं नाव आणि शाळेच्या गणवेशातला एक मुलगा. मला माहीत आहे, तिचा मुलगा पाचगणीला वसतिगृहात आहे. तिनं फोनकडे चुकीचा नंबर असल्यासारखं पाहिलं आणि आवाज बंद केला. म्हणाली, पहिला घास मीच भरवला होता. तेव्हापासून किती काम होतं माझ्या हातून, बघताय ना?

मी म्हटलं, मैनाला मी उद्याच सोडते. ती म्हणाली, जरूर सोडा. ती घरी जाऊन बसेल पोरीसमोर, आत्ता बसते तशीच. नोकरी जाईल, पोरगी तशीच राहील. आणि उज्वलाताई पुन्हा ओल्यात.

चहा प्यायले. थुंकायला हवा होता, प्यायले.

१३ जानेवारी, सोमवार

मैनाला सोडलेलं नाही. रोज ठरवते. रोज उज्वलाच्या पाठीवरून हात फिरवते, जखमेची खूणसुद्धा राहिलेली नाही, आणि गप्प बसते. या शहराला माया हवी आहे, दरमहा पगारावर, सुट्टी न घेणारी. ती कुठून तरी खणून काढावी लागणार. सुरगाण्यातून, पेठच्या पाड्यांमधून, जिथं विचारणारं कुणी नाही तिथून. खणणारा हात माझाच होता. अन्नाला नाव चिकटत नाही म्हणे. बी.ए. झालेली बाई मी.

एवढं केलं: नव्या बायकांना मागच्या खोलीत पाठवणं बंद केलं. मालनबाई दुसरं काही खात नाहीत. दिवसभर भिंतीवर नखं ओढत असतात. माझ्या टेबलापर्यंत ऐकू येतं.

१६ जानेवारी, गुरुवार

वैष्णवी आज पंचवटीतून एकटी चालत ऑफिसात आली. रामकुंड, पूल, एवढी वर्दळ ओलांडून. भागीबाई बाजारात भाजी टाकून शोधत होती. पोर मालनबाईंच्या पायाशी झोपलेली सापडली, म्हातारीची बोटं तिच्या केसांत. मालनबाई म्हणाल्या, राहू द्या ना माझी माझ्याकडे. मला कळून चुकलं, पोर आता रोज येईल. भागीबाई किती दिवस बांधून ठेवणार?

संध्याकाळी उज्वलाला सगळं सांगितलं. इतके दिवस लपवलं होतं. मैना तिथंच बसून तिचे पाय चेपत होती. ऐकत होती की नाही कोण जाणे. उज्वला नामपूरला लहानपणी बोलायचो तसं बोलली. दुखणं आल्यापासून जीव कळवळला की ती अहिराणीत शिरते. त्या पोरीची माय तिले परत दे, म्हणाली. मी ओल्यात पडीन. तू शे ना.

तू शे ना. तू आहेस ना.

१८ जानेवारी, शनिवार

दुपारी मालनबाईंकडे गेले. मंजुषा बँकेत गेली होती. वैष्णवीच्या वाट्याची माया मैनाला परत द्या, म्हटलं.

त्या म्हणाल्या, लय गोड होता गं तो घास. असा पुन्हा मिळायचा नाही. देईन, पण पोट रिकामं राहत नाही. त्याच्या तोडीचा दे. मग माझ्याकडे निरखून पाहिलं आणि हसल्या. तुझ्याकडं एकच माणूस हाय, म्हणाल्या, पण मुरलेलं हाय.

मी विचार केला. भावनेच्या भरात नाही, नीट विचार केला. माया जाईल, बरं. मी कधी फार मायाळू नव्हतेच; उज्वलाच साक्ष देईल. वसतिगृहातल्या मुली मला मायेमुळे लक्षात ठेवत नाहीत, त्यांची जेवणं वेळेवर झाली म्हणून ठेवतात. कर्तव्य वेगळी गोष्ट आहे. ते काही म्हातारीच्या पोटात जात नाही. गोळ्यांची वेळ चुकणार नाही, चादर ओली राहणार नाही. उज्वलाचं काही अडणार नाही. फक्त मला आतून काय वाटतं ते जाईल, आणि त्याचं कुणाला काय करायचंय?

भात मीच कालवला. हा घास कुणाचा, त्यांनी विचारलं.

उज्वलाचा.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी स्वयंपाकघरात मैनानं किंचाळी फोडली. हातातलं पातेलं पडलं. वैशू, वैशू करत अनवाणी जिना उतरून गेली. खिडकीतून पाहिलं, रिक्षालाही न थांबता पळत होती. नंतर भागीबाईचा फोन आला. बोलणं नाही, मायलेकींचं रडणंच ऐकू येत होतं. शेवटी भागीबाईनं सांगितलं, वैष्णवी आईला बोचकारतेय, मारतेय, सोडत नाही.

झालं. बरं वाटलं. उज्वलाला आंघोळ घातली, पाठीला पावडर लावली. काही बदललेलं नाही. मला वाटतं, माझ्या बाबतीत म्हातारीचं काही चाललं नाही.

नोकरी सोडल्याचं मंजुषाला कळवलं.

२२ जानेवारी, बुधवार

गोळ्या वेळेवर. चादर कोरडी. कूस बदलली.

उज्वला म्हणाली, अक्का, तू मला हाजरी घेतल्यासारखी बघतेस. मी म्हटलं, नेहमीच बघते. ती म्हणाली, नाही. आधी रागावून बघायचीस.

आज तिनं माझ्या अंगावर सूप उडवलं. मी पुसलं. दुसरा चमचा भरला. तिनं डोळे मिटून घेतले.

२५ जानेवारी, शनिवार

घाबरले आहे. शाबूत आहे तोवर लिहून ठेवते. उज्वला हसते तेव्हा तिची मान उजवीकडे कलते. शाळेत माझ्या डब्यातलं लोणचं चोरायची. वडील गेले तेव्हा आम्ही दोघी एका गोधडीत— हे सगळं आठवतं. पण आठवून काही होत नाही. दुसऱ्याच्या घरातला अल्बम चाळल्यासारखं.

मालनबाईंचा फोन आला. सांगत होत्या, उजूला उशी पाठीमागे नको, गुडघ्याखाली दे, कालपासून कण्हतेय ती. कण्हतेय? मी शेजारच्या खोलीत असते. मला ऐकू आलं नव्हतं.

गेले, पाहिलं. कण्हत होती.

२८ जानेवारी, मंगळवार

आज चादर बदलायची राहिली. वेळ लक्षात होती. घड्याळासमोर बसूनच होते. नुसतं, उठायचं कशाला ते— कर्तव्य म्हणतात ते कशाला टांगलेलं असतं हे मला माहीत नव्हतं. खुंटीच नाही.

तिनं हाक मारली. माले भूक लागनी अक्का. मग उठले. हाक आली म्हणून.

भागीबाई मैनाला घेऊन आली होती. कामाला नाही, बघायला. पोर कडेवर. मैनानं आत जाऊन उज्वलाची चादर बदलली आणि मला काय काय बोलली. शिव्याच. माझी पोर मला परत दिलीत आणि हिला असं ठेवलंत? मला ओशाळं वाटायला हवं होतं. मैना नळाखाली तोंड धुऊन परत आली आणि पुन्हा बोलली.

उद्या परत येते म्हणाली. उद्या.

२९ जानेवारी, बुधवार

सकाळी. मालनबाई आल्या आहेत. वर्षानुवर्षं घराबाहेर न पडलेल्या. रिक्षातून, मंजुषाचा हात धरून. चालत जिना चढल्या. काळेभोर केस कपाळावर—

सरळ आतल्या खोलीत गेल्या. उजे, माझी बाई ती, म्हणत. मी दार उघडलं. दार वाजलं की उघडायचं असतं.

मंजुषानं वाटी आणली आहे. मऊ भात. मला वाटलं, भरवणार असतील. नाही. वाटी उज्वलाच्या उजव्या हाताशी ठेवली, चालतो त्या हाताशी. आता तू मला भरव, म्हणतायत.

इथून दिसतं. उज्वलानं ओठ घट्ट मिटलेत. हात मुठीत. म्हातारी तिची बोटं सोडवतेय, एकेक. हळू.

“हा घास कुणाचा?”

ती सांगत नाही. तिच्याकडेही एकच नाव आहे. दाराकडे बघतेय. माझ्याकडे. तिला माझ्याकडून काही हवं आहे. काहीतरी करायचं असतं अशा वेळी, मला माहीत आहे, मी उठून तिथं जायचं असतं आणि वाटी—

मैना येणार आहे. ती येईपर्यंत जर—

पुन्हा विचारलं. कुणाचा?

उज्वला रडतेय. मान उजवीकडे कलली आहे. मी लिहितेय. पेन ठेवायला हवं. उठायला हवं, कारण ती माझी—